हातोदच्या रस्त्यावर चूक कोणाची होती

मी, जनाबाई भ्रतार मारुतीराव ढमढेरे, वय अंदाजे अठ्ठेचाळीस, धंदा खानावळ, राहणार मल्हारगंज, इंदूर, मध्यभारत, आज राजीखुशीने हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गाठ पोटात आहे, आणि सोमवारी डॉक्टर ती कापणार आहेत. टेबलावरून उठले तर हा कागद मी स्वतः चुलीत घालीन. नाही उठले तर यातला शब्द न् शब्द पाळला जावा. मला कोणी काही पाजलेले नाही, कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालील असा माणूस आमच्या गल्लीत नाही.

मराठी दुसरीपर्यंत शिकले. सही येते, लांब लिहिणे येत नाही. म्हणून मी सांगते आणि आमचे वकील दत्तोपंत लिहितात. ते मधेच हात थांबवून म्हणतात, "जनाबाई, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणते, बसवा.

१. घर. मल्हारगंजातले माझे घर, खाली खानावळीचा सोपा आणि ओटीवरची खोली, वर दोन खोल्या, मला माझ्या आईने बक्षीसपत्राने दिले. दत्तोपंत सांगतात की हे स्त्रीधन, यावर नवऱ्याचा, दिराचा, कोणाचाच हक्क पोचत नाही. हे वाक्य दोनदा लिहा म्हटले होते. त्यांनी एकदाच लिहिले. हे घर माझी मुलगी कमल हिला. ती मास्तरणीच्या ट्रेनिंगला आहे. लग्न केले तरी घर तिचे, नाही केले तरी तिचे.

२. माझे पती मारुतीराव यांना ओटीवरची खोली मरेपर्यंत राहायला. तिला पायरी नाही म्हणून ती. दोन वेळचे जेवण कमलने द्यावे. हरभऱ्याची उसळ देऊ नये, त्यांना बाधते. मागतील, तरी देऊ नये. पण या खोलीला अट आहे. सरदार अप्पासाहेब धारराव यांच्याकडून राजीनामा, म्हणजे दावा आपसात मिटल्याचा कागद, आला आहे. त्यावर मारुतीरावांनी सही केली तर खोलीवरचा त्यांचा हक्क त्याच दिवशी संपला. मग त्यांनी तुकोगंजात धाररावांच्या कोठीच्या फाटकावर खुर्ची टाकून बसावे. ती खुर्ची त्यांना देऊ केलेलीच आहे.

लोक म्हणतील, बाई कसाई आहे, लंगड्या नवऱ्याला घराबाहेर काढते. म्हणून काय झाले ते लिहिणे भाग आहे.

३. ढमढेऱ्यांच्या तीन पिढ्या धाररावांच्या पागेत गेल्या. सासरे घोडे सांभाळत. माझ्या नवऱ्याला घोड्यापेक्षा यंत्राचे वेड, म्हणून ते होळकरांच्या लष्करात फटफटीवरून डाक पोचवायला लागले. राज्ये गेली, फौज मोडली, सगळे घरी आले. मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी फटफटी त्यांनी घेतली आणि राजवाड्याजवळच्या टॉकीजमधून सिनेमाच्या रिळांच्या पेट्या गावोगावच्या तंबूंना पोचवायचे काम धरले. हातोदला बाजाराच्या दिवशी तंबू लागे. मारुतीराव पोचले की पोरे ओरडत, "पिक्चर आ गया!" त्या कामात माणूस खूश होता. लग्नापासून मी त्यांना इतके खूश पाहिले नव्हते, आणि मला त्याचा थोडा रागही येई.

दोन वर्षांपूर्वी पौषात, भरदुपारी, हातोदच्या रस्त्यावर अप्पासाहेबांच्या मोटरीने त्यांना उडवले. अप्पासाहेब त्यांच्या अमराईतल्या जेवणावळीतून येत होते आणि मोटर स्वतः हाकत होते. त्या जेवणावळीत पाण्यापेक्षा दुसरेच जास्त वाटले जाते हे अख्ख्या इंदूरला माहीत आहे. मारुतीरावांचा उजवा पाय गुडघ्यावरून कापावा लागला. उजव्या हाताची मूठ अजून मिटत नाही.

४. आता दवाखान्यातली गोष्ट. ही मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि मरताना खोटे बोलण्याइतका मला वेळ नाही.

दिवे लागायच्या सुमारास अप्पासाहेब वॉर्डात आले. मागे फळांची करंडी घेऊन माझे दीर जयसिंगराव. जयसिंगराव अजून धाररावांच्या कोठीवर कारभार बघतात. अप्पासाहेबांच्या अंगाला अत्तराचा वास होता आणि अत्तराखाली दारूचा. खाटेशेजारी हवालदार जबानी घ्यायला बसला होता. मारुतीराव नुकतेच शुद्धीवर आलेले. धन्याला पाहून ते उठून बसायला गेले आणि म्हणाले, "चूक माझीच, सरकार. मीच आडवा आलो. आपल्याला कुठं लागलं तर नाही ना?"

अप्पासाहेब म्हणाले, "असू दे मारुती. आम्ही रागावलेलो नाही."

मी म्हटले, "रागवायचं कुणी, सरकार? पाय कुणाचा गेला?"

जयसिंगराव म्हणाले, "वहिनी, जबान सांभाळा."

"करंडी सांभाळा तुम्ही, भाऊजी. केळी सांडतायत."

हवालदाराने माझे बोलणे लिहिले नाही. मारुतीरावांचे तेवढे लिहिले.

हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही. आमच्या घरांत पोर बोलायला लागले की त्याला पहिले हे शिकवतात: धन्यासमोर चूक आपली. घोड्याने लाथ मारली तर मी मागे उभा राहिलो. धन्याच्या हातून तबक पडले तर मी नीट धरले नाही. आपण चूक घ्यायची, धन्याने मोठ्या मनाने माफ करायचे, आणि मग जन्मभर सांभाळायचे. सासऱ्यांचे दोन दात धाररावांच्या घोड्याने पाडले. त्यांनी माफी मागितली आणि त्यांना शेताचा तुकडा मिळाला. तो व्यवहार होता. आता जहागिरी गेल्या, सांभाळणे गेले. आमच्या तोंडातली माफी तेवढी राहिली.

५. दावा आम्ही लावला, म्हणजे मी लावायला लावला. अप्पासाहेबांना पोलिसांनी तपासले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांची अंघोळ-पूजा झाल्यावर. तेव्हा ते गंगाजलासारखे शुद्ध निघाले. मोटरीचा विमा होता. विमा कंपनीचा माणूस माझ्या सोप्यात बसून माझा चहा पिऊन म्हणाला, "माताजी, जिसने खुद गलती मान ली, उसको कंपनी क्या देगी?" रस्त्यावर एक गाडीवान होता, त्याने पहिल्या दिवशी सगळे पाहिले होते. कोर्टात म्हणाला, "मेरे को तो धूल में कुछ दिखा नी." त्या गाडीवानाला मी माफ करीत नाही. त्याचे बैल चांगले होते, त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

खरे बोलली ती एकटी सरोजिनी, वॉर्डातली नर्स. म्हणाली, अप्पासाहेबांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. त्यांच्या वकिलाने विचारले, "तुम्ही स्वतः पिता का? मग वास कसा ओळखलात?" ती म्हणाली, "मी रोज फुटलेली डोकी धुते, वकीलसाहेब. निम्म्यांना तोच वास असतो." कोर्टाने तिचे मानले, पण वर म्हटले की संध्याकाळी प्याले असतील, दुपारचे काय? सरोजिनीला माझी नवी इरकली, जांभळी, अजून घडी मोडलेली नाही.

मग मारुतीराव पिंजऱ्यात उभे राहिले. जज्जसाहेबांनी विचारले, चूक कोणाची होती? ते म्हणाले, "सरकार म्हणतील ती." साहेब म्हणाले, "कौन सरकार?" सगळे कोर्ट हसले. मारुतीरावही हसले, बरोबर हसावे म्हणून. त्या दिवशी मी टांगा केला नाही. त्यांना कुबड्यांवर घरापर्यंत चालवत आणले.

फैसला आमच्या विरुद्ध गेला. अपील हायकोर्टात आहे. पेशी येत्या महिन्यात.

६. खानावळीची भांडी, दोन्ही मोठी पातेली, परात आणि काहील, लक्ष्मीला. ती माझ्या हाताखाली पोळ्या लाटते आणि माझ्यापेक्षा पातळ लाटते. भाड्याने सोपा हवा असेल तर कमलने तिला द्यावा. लक्ष्मी, मेंबरांना दुसऱ्यांदा भात विचारू नकोस. मागतील ते मागतील.

७. अंगणातली फटफटी. तिचे पुढचे चाक दुमडले आहे आणि टाकीत चिमणीने घरटे केले आहे. कबाडी दर आठवड्याला दारात उभा राहून "जनाबाई, लोहा निकालना है?" म्हणून विचारतो. अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती हलवू नये, दत्तोपंत म्हणतात तो पुरावा आहे. निकाल लागल्यावर मारुतीरावांना विचारावे. दुसऱ्या कोणाला विचारू नये.

८. दागिने. मंगळसूत्र माझ्याबरोबर जाऊ दे. बाकी पाटल्या राहिल्या आहेत, त्या मोडून अपिलाचा खर्च भागवावा. यावर काल कमल आणि मी भांडलो. ती म्हणाली, "आई, मला पाटल्यांचं काही नाही. पण आता पुरे. मी थकले. बाबा थकले. घे ते पैसे आणि मिटव."

मी म्हटले, "मी पैशाला नाही म्हटलं नाही."

हे खरे आहे आणि ते इथे लिहिले जावे. जयसिंगराव राजीनाम्याचा कागद घेऊन आले, त्यात मारुतीरावांना जन्मभर महिना, कोठीच्या फाटकावर बसायचे काम आणि कमलच्या लग्नाचा खर्च लिहिला होता. शेवटी एक ओळ: अपघात मारुतीरावांच्या स्वतःच्या गलतीने झाला, अप्पासाहेबांचा त्यात दोष नाही. अप्पासाहेबांना निवडणुकीला उभे राहायचे आहे, त्यांना ती ओळ पाहिजे.

मी म्हटले, "भाऊजी, महिना राहू द्या. ओळ काढा. मी आत्ता सही करवते."

ते कोठीवर जाऊन परत आले. म्हणाले, "वहिनी, सरकार म्हणतात, ओळ काढली तर मग पैसे कशाचे?"

म्हणजे पैसे पायाचे नाहीत, ओळीचे आहेत. पायाची भरपाई कोणी दारूच्या नशेत तो मोडला म्हणून करायची असते. ही तर मोडणाऱ्याचे कपडे धुवून दिल्याची मजुरी झाली. ती मी घेणार नाही, आणि मी मेल्यावर माझ्या घरात बसून कोणी घेणार नाही. मी जिवंत आहे तोवर मारुतीराव सही करीत नाहीत, मला भितात. सोमवारनंतरचे सांगता येत नाही, म्हणून कलम दोनमधली अट.

९. दीर जयसिंगराव यांना माझ्याकडून दवाखान्यात आणलेली ती करंडी. फळे आम्ही खाल्ली नाहीत, वॉर्डात वाटली. करंडी माळ्यावर आहे.

१०. अपील जिंकलो तर जी भरपाई मिळेल ती मारुतीरावांची. त्यातून आधी पुण्याला जावे, तिथे मिलिटरीत लाकडी पाय चांगले करतात असे ऐकते. उरेल त्याचे त्यांनी काय हवे ते करावे. पुन्हा फटफटी घ्यावीशी वाटली तर कमलने आडवे येऊ नये.

११. माझे दिवस साधे करावेत. तेराव्याला लाडू नकोत, माझ्या पंक्तीत मी नसताना लोक लाडू मोजतील.

१२. या सर्वाचा कारभार दत्तोपंत वकील यांनी बघावा. ते हळू आहेत पण फिरत नाहीत.

इथवर लिहून झाल्यावर दत्तोपंतांनी सगळे मोठ्याने वाचले. मारुतीराव खाटेवर बसून ऐकत होते, शेजारी कमल. सरोजिनी ड्यूटीवरून आली होती आणि खानावळीतले जुने मेंबर श्रीपादराव साक्षीसाठी थांबले होते. वाचणे संपल्यावर मारुतीराव म्हणाले, "सरकारांचं नाव कशाला? नुसतं मोटरवाले लिहा."

मी म्हटले, "बरं. मग मोटरवाल्यानं काय केलं ते तुम्ही सांगा. कोर्टात सांगितलं नाहीत, मला सांगितलं नाहीत. मी सोमवारी जातेय. आज सांगा."

कमल म्हणाली, "बाबा, बोला ना."

मग ते बोलले. दत्तोपंतांना म्हटले, हेही घ्या. हे तेरावे कलम समजावे. त्यांचे शब्द त्यांच्याच तोंडचे:

"मी माझ्या बाजूनं चाललो होतो. अगदी कडेनं. पेट्या जड होत्या, जोरात नव्हतो. सरकारांची मोटर समोरून आली ती रस्ता सोडून माझ्या बाजूला आली. काच खाली होती. सरकार प्यालेले होते. डोळे मिटत होते त्यांचे. मी ओळखतो ते डोळे, लहानपणापासून बघतोय."

सरोजिनीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा हा माणूस खरे बोलला होता. मी दत्तोपंतांना म्हटले, झाले, इथे थांबवा.

मारुतीराव म्हणाले, "थांब. पुरं झालं नाही. मी मुजऱ्याला हात सोडला."

"काय केलंत?"

"सरकार समोर आले ना. मुजरा केला. उजवा हात सोडला, फटफटी डगमगली. तू म्हणतेस मी खोटं बोललो दवाखान्यात. मी खोटं नाही बोललो. चूक होतीच."

दत्तोपंतांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "जनाबाई, हे लिहिलं आणि उद्या त्यांच्या वकिलाच्या हाती लागलं, तर अपील पडेल. न लिहिलं तर कोणाला कळणार नाही. आपण सहाच जण आहोत इथे."

मी मारुतीरावांना विचारले, "हात धरून ठेवला असता तर वाचला असतात?"

ते म्हणाले, "काय जाणे. मोटर तर अंगावरच आली होती."

"मग तरी हात का सोडलात?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. माझ्याकडे पाहत राहिले, मी भलतेच काही विचारल्यासारखे. म्हणाले, "अगं, सरकार होते."

मग दत्तोपंतांना म्हटले, उचला लेखणी. सगळे लिहा. मुजरासुद्धा लिहा. मला ओळ नको होती ती खोटी म्हणून नको होती. मग खरे आले तर ते मी खरडून काढू? अपील पडायचे असेल तर पडू द्या.

पण माझेही एक लिहा. कलम दोनमधली अट आहे तशी कायम. प्यालेला माणूस मोटर अंगावर घालतो आहे हे दिसत असताना ज्याचा हात ब्रेकवर जात नाही, मुजऱ्याला जातो, त्याचा तो हात त्याने एकट्याने बिघडवलेला नाही. तीन पिढ्या शिकवून बिघडवला आहे. पायाचे पैसे द्या म्हणून मी दावा लावला होता. हायकोर्टाला विचारा, या हाताचे कोण देणार.

वरील सर्व मला वाचून दाखवले, समजले, माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. तेरावे कलम मारुतीरावांना पुन्हा वाचून दाखवले. त्यांनी ते बरोबर असल्याचे सांगून खाली डाव्या हाताने सही केली आहे, उजव्याने लेखणी धरवत नाही.

ठिकाण: मल्हारगंज, इंदूर
तारीख: शुक्रवार, २८ जानेवारी १९५५

लिहून देणार:
जनाबाई ढमढेरे, सही दस्तुरखुद्द

कलम तेरापुरते म्हणणे माझे:
मारुती ढमढेरे, सही डाव्या हाताची

आमच्यासमक्ष जनाबाईंनी सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
सरोजिनी, नर्स
श्रीपादराव, खानावळीचे मेंबर

हस्ताक्षर दत्तोपंत वकील यांचे. सांगितल्याबरहुकूम लिहिले. माझ्या सल्ल्याविरुद्ध लिहिले, हेही जनाबाईंच्या सांगण्यावरून नोंदवतो.